दात्याचे माप

गुऱ्हाळावर तुम्ही कधी ना कधी गेला असाल. चरक फिरतो, ऊस आत जातो, रस खाली पडतो, चिपाडे पलीकडे निघतात. आपले सगळे लक्ष रसाकडे असते. पण चरकाच्या बगलेला एक पत्र्याचे झाकण असते. त्या झाकणाखाली दात्यांची चाके असतात. त्यांना गिअर म्हणतात. आजचा धडा त्या गिअरच्या दात्यांचा आहे.

इंजिन किंवा मोटर भराभर फिरते. चरकाचे लाट मात्र सावकाश फिरले पाहिजेत, आणि जोर लावून फिरले पाहिजेत. म्हणून मध्ये गिअर घालतात. लहान गिअरला २० दाते आणि मोठ्याला ६० दाते असले, तर लहान गिअर तीन वेळा फिरतो तेव्हा मोठा एकदा फिरतो. वेग तिसऱ्या हिश्श्यावर येतो आणि जोर जवळजवळ तिप्पट होतो. नुसता पट्टा असता तर एवढ्या जोराला तो सटकला असता. दाता सटकत नाही. एक तर ढकलतो, नाही तर मोडतो.

आमच्या घरी तो मोडला. तीच हकीकत आधी सांगतो.

२०१७ सालचा हंगाम होता. आमच्या थोरल्या बंधूंचे, म्हणजे दादांचे, जुने गुऱ्हाळ आहे. चरकही जुना, इंग्रजी मापाचा. त्याच्या लहान गिअरचे दाते झिजले होते आणि एक दाता मुळाशी चिरकला होता. भर हंगामात दगा नको, म्हणून दादांनी तालुक्याच्या गावी एका लेथवाल्याकडून नवा गिअर करून आणला. नवा गिअर दिसायला सुंदर होता. दाते २० होते. शाफ्टवर चपखल बसला. चावीही बरोबर लागली.

चरक सुरू केला आणि आवाज येऊ लागला. टक टक टक टक. गुळव्या म्हणाला, "नवं हाय, घासून बसंल." चार दिवस तो आवाज ऐकत सगळे काम करीत राहिले. पाचव्या दिवशी रात्री मोठा खटका झाला. दोन दाते तुटून झाकणात पडले होते.

चुलवाण पेटलेले, काहिलीत रस उकळतोय, आणि दोन गाड्या ऊस तोडून पडलेला. तोडलेला ऊस थांबत नाही. तो वाळतो, वजनाला घटतो. त्यातली साखर फुटू लागते, मग गूळ नीट घट्ट बसत नाही. माणसांचा रोज मात्र चालूच राहतो. दादा संतापले. म्हणाले, "त्या लेथवाल्यानं हलकं लोखंड घातलं. मास्तर, तू चल माझ्याबरोबर. त्याला चार माणसांत विचारू."

मी म्हणालो, "दादा, लोखंड हलके की माप चुकले, हे आधी कळू द्या."

"माप कसलं चुकतंय? दातं मीच मोजलं. पुरतं ईस हुतं."

दाते मोजले होते, हे खरे. पण दाते मोजणे निराळे आणि दात्याचे माप घेणे निराळे.

दादांचा मुलगा, माझा पुतण्या, पुण्याकडे एका गिअरच्या कारखान्यात तपासनीस आहे. त्याला फोन केला. तो दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या गाडीने आला. येताना आपले मायक्रोमीटर कापडात गुंडाळून घेऊन आला. त्याने ओट्यावर बसून आम्हाला जे दाखवले, तेच मी आता माझ्या शब्दांत मांडतो.

शतांश म्हणजे काय

सुतार आणि गवंडी इंचाचे आठ भाग करतात. एका भागाला सूत म्हणतात. सुताच्या हिशेबाने दरवाजा नीट होतो, गिअर होत नाही.

तुमच्या पट्टीवर सेंटीमीटरचे दहा बारीक भाग दिसतील. एक भाग म्हणजे एक मिलिमीटर. त्या एका मिलिमीटरचे आणखी शंभर भाग करायचे. त्यातला एक भाग म्हणजे एक शतांश. तो आकड्यात ०.०१ असा लिहितात. डोक्याचा केस साधारण पाच ते दहा शतांश जाड असतो. म्हणजे एक शतांश डोळ्याला दिसत नाही. तो मोजायला मायक्रोमीटर लागतो.

मायक्रोमीटर म्हणजे बारीक आट्यांचा एक स्क्रू. त्याची नळी एक फेरा फिरली, की तोंड अर्धा मिलिमीटर सरकते. नळीवर ५० रेघा असतात. एक रेघ फिरली की तोंड एक शतांश सरकते. युक्ती एवढीच.

साध्या मायक्रोमीटरचे तोंड बोथट असते. ते दात्यांच्या खाचेत शिरत नाही. म्हणून गिअरसाठी त्याच्या दोन्ही तोंडांना पातळ गोल थाळ्या बसवलेल्या असतात. ह्या थाळ्या खाचेत शिरतात. हा मायक्रोमीटर नसेल, तर व्हर्नियर कॅलिपरच्या पातळ जबड्यांनीही काम भागते. त्यावर दोन शतांशांपर्यंत माप कळते. तो तालुक्याच्या हत्यारांच्या दुकानात मिळतो आणि फार महाग नसतो.

दाता वाकडा का असतो

दाता नीट पाहा. त्याच्या कडा सरळ नसतात, किंचित फुगीर असतात. ह्या फुगवट्याचा नियम आहे. तो घरी करून पाहता येतो.

एक गोल डबा कागदावर उभा ठेवा. त्याच्याभोवती दोरा गुंडाळा. दोऱ्याच्या टोकाला पेन्सिल बांधा. आता दोरा ताणून धरून हळूहळू सोडवत जा. पेन्सिलीची एक बाकदार रेघ कागदावर उमटेल. आजच्या बहुतेक गिअरच्या दात्याची कड ह्याच रेघेची असते. लेओनार्ड ऑयलर नावाचा स्वित्झर्लंडात जन्मलेला मोठा गणिती होऊन गेला (१७०७ ते १७८३). गिअरच्या दात्याला ही रेघ चांगली, हे त्याने अठराव्या शतकात दाखवून दिले. अशा कडांचे दोन दाते एकमेकांना धक्का न देता सारख्या वेगाने ढकलतात. दोन शाफ्टमधले अंतर केसभर कमीजास्त झाले, तरी त्यांची चाल बिघडत नाही.

ह्या रेघेचा आणखी एक गुण आहे, आणि तो मोजणाऱ्याच्या फार कामाचा आहे. समजा, तुम्ही लागोपाठ तीन दाते मायक्रोमीटरच्या दोन थाळ्यांत धरले. एक थाळी पहिल्या दात्याच्या बाहेरच्या कडेला टेकली, दुसरी तिसऱ्या दात्याच्या बाहेरच्या कडेला. आता मायक्रोमीटर थोडा इकडे किंवा तिकडे कलला, तरी माप तेच राहते. असे का? त्या दोन थाळ्यांमधले अंतर म्हणजे डब्याला स्पर्श करून गेलेला ताणलेला दोरा आहे असे समजा. एका बाजूने दोरा जितका सुटतो, तितकाच दुसऱ्या बाजूने गुंडाळला जातो. बेरीज बदलत नाही. मला हे कळायला दोन वेळा ऐकावे लागले, आणि मी तीस वर्षे मुलांना गणित शिकवले आहे. तेव्हा तुम्हाला एका वाचनात कळले नाही, तर वाईट वाटून घेऊ नका. डबा आणि दोरा घेऊन बसा.

जुना गिअर आणि नवा गिअर

पुतण्याने दोन्ही गिअर रॉकेलने धुतले. तारेच्या ब्रशाने खाचांतले वंगण आणि उसाची मळी काढली. दात्यावर मळी राहिली, तर आपण मळीचे माप घेतो, दात्याचे नाही. मग त्याने जुन्या गिअरचे तीन दाते धरले. थाळ्या दात्याच्या साधारण मध्यावर टेकवल्या, अगदी शेंड्यावर नाही आणि मुळाशीही नाही. माप आले ३८.३० मिलिमीटर.

त्याने खिशातला तक्ता काढला. २० दाते, तीन दात्यांचे माप, मॉड्यूल ५. तक्त्यातही आकडा ३८.३० होता.

मॉड्यूल हा शब्द नवा आहे. तो सांगतो. दोन गिअर एकमेकांत फिरतात, तेव्हा जणू दोन गुळगुळीत चाके एकमेकांवर घासत फिरतात असे समजा. त्या समजुतीच्या चाकाचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्या आणि त्याला दात्यांच्या संख्येने भागा. भागाकार म्हणजे मॉड्यूल. व्यास १०० आणि दाते २०, तर मॉड्यूल ५. मॉड्यूल मोठा, तर दाता मोठा. ज्या दोन गिअरची जोडी लावायची, त्यांचा मॉड्यूल एकच पाहिजे.

दादा म्हणाले, "मग बरोबरच केलं की त्यानं. लेथवाल्यानंबी असंच तीन दात्यांचं माप घेतलं हुतं माझ्यासमोर."

पुतण्या म्हणाला, "आबा, जरा थांबा. आता दोनच दाते धरतो."

जुन्या गिअरच्या दोन दात्यांचे माप आले २३.३०. मग त्याने नव्या गिअरचे न मोडलेले दाते धरले. तीन दात्यांचे आले ३८.२० आणि दोन दात्यांचे २३.४४. माझ्या हातात कागद देऊन तो म्हणाला, "काका, वजाबाकी करा."

जुना गिअर: ३८.३० वजा २३.३०, बाकी १५.००.
नवा गिअर: ३८.२० वजा २३.४४, बाकी १४.७६.

मी ती दोनदा केली. चूक नव्हती. दोन्ही गिअरांत २४ शतांशांचा फरक होता.

ह्या बाकीला आपण पल्ला म्हणू. कारखान्यात तिला बेस पिच म्हणतात. एका दात्याच्या कडेपासून पुढच्या दात्याच्या तशाच कडेपर्यंतचे, त्या ताणलेल्या दोऱ्यावरचे अंतर म्हणजे पल्ला. दोन गिअरांचा पल्ला एक असेल, तरच एक दाता बाहेर पडताना दुसरा बरोबर आपल्या वेळेला कामाला लागतो. बैलजोडीतला एक बैल लांब ढांग टाकणारा आणि दुसरा आखूड ढांग टाकणारा असला, तर औत कसे चालेल? हेही तसेच.

नव्या लहान गिअरचा पल्ला कमी होता. मोठा गिअर जुनाच होता, म्हणून त्याचा पल्ला जास्त होता. अशा वेळी मोठ्या गिअरचा पुढचा दाता ठरल्या वेळेच्या आधीच येऊन नव्या गिअरवर आदळतो. टक टक आवाज त्याचा होता. पुतण्याने नव्या गिअरच्या दात्यांवर बोट फिरवायला सांगितले. मुळाजवळ बारीक चर पडले होते. मोठ्या गिअरच्या दात्यांचे शेंडे तिथे खणत होते. दाते तुटले, तेही तिथूनच तुटले. लोखंडाचा काही दोष नव्हता.

चूक कुठे झाली

आता लेथवाला कुठे फसला ते पाहा. फसणे सोपे होते.

आपल्या देशात पूर्वी इंच, फूट, शेर, मण अशी मापे होती. १९५६ साली मेट्रिक मापांचा कायदा झाला. १९५८ पासून ती मापे टप्प्याटप्प्याने लागू झाली. त्याआधीची यंत्रे, आणि त्यानंतरही जुन्या नमुन्यावर केलेली बरीच यंत्रे, इंचाच्या मापाची आहेत. इंचाच्या गिअरला मॉड्यूल नसतो, डी.पी. असतो. समजुतीच्या चाकाच्या व्यासाच्या एका इंचामागे किती दाते, ते डी.पी. सांगतो. आमचा जुना गिअर ५ डी.पी. होता. इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. त्याला ५ ने भागले की ५.०८ येतात. म्हणजे ५ डी.पी. चा गिअर जणू मॉड्यूल ५.०८ चा. मॉड्यूल ५ आणि ५.०८ ही सख्खी भावंडे दिसतात, पण एका जुवाला चालत नाहीत.

५ डी.पी. चा २० दात्यांचा गिअर नवा असताना तीन दात्यांचे माप ३८.९१ च्या आसपास असते. आमच्या गिअरचे दाते एका बाजूने झिजत झिजत साठ शतांश गेले होते. त्यामुळे ३८.९१ चे ३८.३० झाले. आणि नेमका तोच आकडा मॉड्यूल ५ च्या तक्त्यात लिहिलेला! बाहेरच्या व्यासानेही दगा दिला. तो नवा असताना १११.७६ असणार. शेंडे बोथट होऊन तो ११० आणि १११ च्या मध्ये भरला. मॉड्यूल ५ ला बाहेरचा व्यास ११० असतो. झिजलेल्या गिअरने लेथवाल्याला दोन ठिकाणी खोटी साक्ष दिली.

वजाबाकी मात्र फसत नाही. कारण झीज दोन दात्यांच्या मापातही तितकीच असते आणि तीन दात्यांच्या मापातही तितकीच असते. वजा करताना ती निघून जाते. दाते सारखे झिजलेले पाहिजेत, एवढीच अट आहे. म्हणून माप एका जागी न घेता चाकाच्या तीन-चार ठिकाणी घ्यावे आणि प्रत्येक आकडा निराळा लिहावा.

पल्ल्याला २.९५२ ने भागले, की मॉड्यूल मिळतो. १४.७६ ला भागून पाहा, ५ येतील. १५.०० ला भागा, ५.०८ येतील. हा २.९५२ आकडा ज्या गिअरच्या दात्याचा कोन २० अंश असतो, त्यांच्यासाठी आहे. आज बहुतेक गिअर २० अंशांचेच असतात. काही जुन्या विलायती यंत्रांत साडेचौदा अंशांचे दाते सापडतात. ५ डी.पी. चा तसा गिअर असता, तर बाकी १५.४५ आली असती. म्हणजे एका वजाबाकीने दोन्ही गोष्टींचा तपास लागतो.

आणखी एक साक्ष आम्हाला मिळाली. पुतण्याने दोन शाफ्टमधले अंतर मोजले. ते २०३.२ मिलिमीटर भरले. दादा एकदम म्हणाले, "म्हंजे आठ इंच की!" इंच दादांच्या बोटांवर असतात. लहान २० दात्यांचा आणि मोठा ६० दात्यांचा, मिळून ८०. ऐंशीला पाचाने भागले की १६, आणि त्याचे निम्मे ८. यंत्र करणाऱ्याने ते इंचात बेतले होते, हे तिथेच उघड झाले.

लेथवाल्याला बोलावणे गेले. तो आला. बिचारा कावराबावरा होऊन आला होता, कारण दादा गावभर काय बोलत होते ते त्याच्या कानावर गेले होते. पुतण्याने त्याला मायक्रोमीटर दिला आणि म्हणाला, "तुम्हीच घ्या माप." त्याने घेतले. कागदावर वजाबाकी केली. बराच वेळ आकड्यांकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "मी एकच माप घेतलं. तक्त्याला जुळलं, म्हणून दुसरं घेतलं नाही." त्याने ५ डी.पी. चे कटर मिळवून दोन दिवसांत दुसरा गिअर करून दिला. मजुरी अर्धी घेतली. दादांनी चार माणसांत जे बोलले होते, ते चार माणसांतच मागे घेतले. हे मला त्यांच्याकडून अपेक्षित नव्हते, म्हणून लिहून ठेवतो.

मोठा गिअर बदलावा लागला नाही. त्याचा प्रत्येक दाता लहान गिअरच्या दात्यापेक्षा तिसरा हिस्साच काम करतो, म्हणून तो कमी झिजलेला होता. त्याचे दोन्ही तोंड सारखे होते, तेव्हा तो शाफ्टवर उलटा करून बसवला. चरक एकाच दिशेने फिरतो, त्यामुळे दात्याची एकच कड झिजते. उलटा केला, की कोरी कड कामाला येते. जुने फिटर हे पूर्वीपासून करीत आले आहेत.

कारखान्यात कसे तपासतात

कारखान्यात गिअर हजारांनी होतात. तिथे प्रत्येक गिअरच्या नकाशावर मापाच्या दोन हद्दी लिहिलेल्या असतात. समजा, तीन दात्यांचे माप ३८.१६ ते ३८.२२ पाहिजे. तक्त्यातल्या ३८.३० पेक्षा हे मुद्दाम कमी ठेवतात. दात्यांमध्ये थोडी फट लागते. फट नसली, तर गिअर तापून फुगला की अडकेल, आणि वंगणालाही जागा राहणार नाही.

माप ३८.२८ आले, तर गिअर पुन्हा यंत्रावर चढवून थोडा कापता येतो. ३८.१० आले, तर तो भंगारात. कापलेले लोखंड परत चिकटवता येत नाही. म्हणून चांगला कारागीर आधी माप थोडे जास्त ठेवतो, मोजतो आणि मग शेवटचा हात फिरवतो. आपल्याकडे शिंपीही कापड असेच बेततो.

दाते कापणारे कटर हळूहळू बोथट होते. मग दाते बहुधा जाड होऊ लागतात. तपासनीस ठराविक गिअर झाले की एक उचलून मोजतो आणि आकडा वहीत लिहितो. ३८.१८, ३८.१९, ३८.२०. आकडे असे चढू लागले, की तो हद्द ओलांडायची वाट पाहत नाही. आधीच यंत्र थांबवायला सांगतो. रात्रपाळीला माल भरायची घाई असते. यंत्र थांबवा म्हटले, की लोक चिडतात. पुतण्या म्हणतो, "काका, तिथं भांडायला माझ्याकडे वहीच असते."

गिअर यंत्रावरून काढला, की गरम असतो. गरम लोखंड फुगते. मापासाठी जगभर २० अंश सेल्सिअस ही उष्णता ठरलेली आहे. आमच्या गिअरच्या तीन दात्यांच्या मापात वीस अंशांच्या फरकाने जवळजवळ एक शतांश फरक पडतो. म्हणून गिअर आणि मायक्रोमीटर एकाच खोलीत काही वेळ ठेवून मग मोजतात. उन्हात पडलेला गिअर उचलून लगेच मोजू नये.

दात्याचे माप घेण्याचे दुसरेही एक हत्यार आहे. त्याला गिअर टूथ व्हर्नियर म्हणतात. त्यावर एक उभी आणि एक आडवी अशा दोन पट्ट्या असतात. उभी पट्टी दात्याच्या शेंड्यावर टेकवून किती खोल मोजायचे ते ठरवतात, आणि आडवीने तिथली जाडी घेतात. मॉड्यूल ५ आणि २० दाते असतील, तर शेंड्यापासून ५.१५ खोलीवर जाडी ७.८५ भरावी. हे हत्यार एकाच दात्याचे माप देते, हे चांगले. पण ते शेंड्यावर टेकते. शेंडा झिजला असेल, तर खोली चुकते आणि जाडीही चुकते. जुन्या गिअरला म्हणून मी तीन दात्यांचे मापच घ्या असे सांगेन.

त्या मापालाही एक गोष्ट कळत नाही, ती विसरू नका. गिअरचे भोक मधोमध नसून थोडे एका बाजूला गेले असेल, तरी तीन दात्यांचे माप सगळीकडे बरोबर येईल! कारण ते माप भोकाशी टेकतच नाही. असा गिअर फिरताना एकदा घट्ट होतो आणि एकदा सैल. तो दोष पकडायला गिअर भोकातल्या दांड्यावर चढवतात. प्रत्येक खाचेत एक गोळी किंवा गोल सळई ठेवतात आणि वर डायल गेज लावून काटा किती हलतो ते पाहतात. मोठ्या कारखान्यात नवा गिअर एका अचूक नमुन्याच्या गिअरबरोबर फिरवूनही पाहतात.

घरी एवढी साधने नसतात. पण दात्यांमधली फट घरी पाहता येते. इंजिन बंद करा, पट्टा उतरवा. हे आधी, मगच झाकणाला हात लावा. आमच्याच भागात चालू चरकात हात गेलेली माणसे मी पाहिली आहेत. नंतर मऊ शिशाची बारीक तार दात्यांमध्ये धरा आणि चाक हाताने सावकाश फिरवा. तार दोन ठिकाणी चपटी होऊन बाहेर येईल, एका दात्याच्या पुढे आणि मागे. त्या दोन जागांची जाडी मोजून बेरीज केली, की तेवढी फट आहे असे समजा. चाकाच्या चार ठिकाणी तार घालून पाहा. चारही ठिकाणी फट सारखी आली, तर भोक मधोमध आहे.

करून पाहा

एका कडबा कापायच्या यंत्राचा जुना गिअर आहे. दाते २० आहेत. तीन दात्यांचे माप ३०.५० आणि दोन दात्यांचे १८.६९ आले. पल्ला किती? त्याला २.९५२ ने भागा. मॉड्यूल किती येतो?

दुसऱ्या एका गिअरचेही दाते २० आहेत. त्याचा पल्ला १२.५० आला. तो ह्या यंत्रात चालेल काय? तो इंचाच्या मापाचा असावा असे वाटते. मॉड्यूल काढा आणि मग २५.४ ला त्या आकड्याने भागून डी.पी. काढा.

उत्तरे: पहिल्याचा पल्ला ११.८१, मॉड्यूल ४. दुसऱ्याचा मॉड्यूल ४.२३, म्हणजे ६ डी.पी. तो पहिल्याच्या जागी चालणार नाही.